मान वर केली म्हणजे नाही

माझ्या नोकरीचं नाव नेमणूकपत्रावर दोन ओळींत छापलेलं होतं आणि ते मला शेवटपर्यंत एका दमात म्हणता आलं नाही. बीड जिल्ह्यातल्या ज्या गावांतून मी चार वर्षं फिरले, तिथं लोक मला ‘टॅबवाल्या ताई’ म्हणायचे. तेच नाव बरोबर होतं. मी लोकांच्या घरी टॅब घेऊन जायचे आणि त्या टॅबला त्यांच्या खुणा शिकवायचे.

त्याआधी बावीस वर्षं मी मूकबधिर मुलांच्या निवासी शाळेत शिकवलं. पटसंख्या घटत गेली, शाळा दुसऱ्या शाळेत मिसळली आणि मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. घरी बसून सहा महिने झाले असतील, तेव्हा पुण्याच्या एका संस्थेतून फोन आला. त्यांना खुणांची सवय असलेलं माणूस हवं होतं. “तुम्ही बावीस वर्षं न बोलणाऱ्यांचं ऐकलंय मॅडम,” असं फोनवरचा तो तरुण म्हणाला. त्या एका वाक्यावर मी भाळले, खोटं कशाला सांगू.

काम साधं होतं. लकव्यानं किंवा ऑपरेशननं वाचा गेलेल्या माणसाच्या खाटेसमोर स्टँडवर टॅब लावायचा. टॅबच्या आत एक मदतनीस असायची. मदतनीस म्हणजे नुसता आवाज, तोही बाईचा. आपल्या फोनमधल्या असल्या मदतनिसाला आपण तोंडानं सांगतो, अमक्याला फोन लाव, आज पाऊस आहे का बघ. ज्याला तोंडानं सांगताच येत नाही त्यानं काय करायचं? तर आमच्या टॅबचा कॅमेरा त्याचा चेहरा बघत राहायचा. पडद्यावर चित्रं यायची, पाण्याचा तांब्या, पांघरूण, दिवा, दुखणारं अंग. एकेका चित्रापाशी ती बाई विचारायची, “हे हवं आहे का?” माणसानं मान हलवली, पापणी मिटली, भुवई उचलली की ती ओळखायची आणि घरच्यांना मोठ्यानं सांगायची. गावोगाव सगळे तिला ‘टॅबातली बाई’च म्हणत.

पण तिला सगळ्यांच्या खुणा आपोआप कळत नव्हत्या. मुळात तिला शिकवलेल्या खुणा दूरच्या माणसांच्या होत्या. मान वरखाली झाली की हो, डावीउजवीकडे झाली की नाही. आपल्याकडे तसं कुठं असतं? हो म्हणताना कुणी मान खांद्याकडे कलती करतो, कुणी डोळे सावकाश मिटतो. नाही म्हणताना हनुवटी वर जाते आणि तोंडातून ‘च्च’ असा आवाज निघतो. म्हणून प्रत्येक घरी दोन-तीन दिवस बसून, त्या माणसाला पुनःपुन्हा विचारून, त्याचं हो आणि त्याचं नाही मी टॅबमध्ये भरून घ्यायचे. माझी नोकरी एवढीच.

त्यात गमतीही व्हायच्या. मांजरसुंब्याजवळ धाबा चालवणारे एक गोरखशेठ होते. घशाच्या ऑपरेशननं त्यांचा आवाज कायमचा गेला होता, बाकी माणूस ठणठणीत. मान हलवायला त्यांनी साफ नकार दिला. पाटीवर लिहून दाखवलं, “मी नंदीबैल नाही.” मग मला कळलं की धाब्याच्या गोंगाटात तीस वर्षं ते आचाऱ्याला बोटांनीच सांगत आले होते. दोन बोटं म्हणजे दोन चहा, मूठ म्हणजे पूर्ण जेवण, पंजा फिरवला की भाकरी वाढव. मी टॅबला तेच शिकवलं. तीन दिवसांत ती बाई गल्ल्यावरून आत ओरडायला लागली. ट्रकवाले जेवण सोडून बघायला यायचे. एकदा गोरखशेठ माश्या हाकलत होते आणि ही आत सांगत सुटली, “भाकरी वाढवा. भाकरी वाढवा.” आचाऱ्यानं टोपलंभर भाकरी भाजून ठेवल्या. गोरखशेठ पोट धरून हसले, आवाज न करता. त्या दिवशी बसमधून घरी येताना मला वाटलं, या वयात आपल्याला चांगलं काम मिळालं.

असं वाटणाऱ्या दिवसांतच मी नांदूरघाटला म्हादबांकडे जायला लागले.

म्हादबा मेंढपाळ. सत्तरीच्या आसपासचे, उंचेपुरे, आयुष्य रानात गेलेलं. मेंढ्यांमागे चालता चालताच त्यांना लकवा झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. घर गावाबाहेर माळाच्या कडेला होतं. त्यांची खाट ओसरीत अशी टाकलेली होती की तिथून मेंढ्या कोंडायचं जाळीचं कुंपण दिसावं. त्याला ते लोक वाघूर म्हणतात. घरात बायको सोजरबाई. थोरला मुलगा दत्ता जीप चालवायचा, नारायणगडाच्या यात्रेकरूंची ने-आण करायचा. धाकटा चाकणला कंपनीत. मेंढ्यांमागे आता सोजरबाई आणि तिची सून, दोघीच जात.

पहिल्या दिवशी म्हादबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी मला एक सुचलं. मी वाघुरीपाशी जाऊन मेंढ्यांचा फोटो काढला आणि पाणी-पांघरुणाच्या चित्रांशेजारी तो लावून दिला. ते चित्र समोर आलं आणि बाईनं विचारलं, “हे हवं आहे का?” म्हादबांनी दोन्ही डोळे घट्ट मिटून उघडले. बाई मोठ्यानं म्हणाली, “सोजरबाई, म्हादबांना मेंढ्या बघायच्या आहेत.”

चुलीपुढं बसलेली सोजरबाई पदर तोंडाला लावून हसायला लागली. “अगं बया, मला नावानं हाक मारती की ही. चाळीस वर्सांत ह्यांनी न्हाई मारली.” ती उठली आणि वाघुरीतून एक काळी मेंढी कान धरून घेऊन आली. मेंढीनं खाटेवर नाक घासलं. म्हादबांचा डावा हात तिच्या मानेवर गेला.

त्यांचं हो म्हणजे डोळे मिटणं. त्यांचं नाही म्हणजे हनुवटी वर. ‘च्च’चा आवाज लकव्यानं गेला होता, नुसती मान वर जायची. आणि मानेत जोर नसल्यानं ती लगेच खाली यायची. कॅमेऱ्याला ते मान डोलावल्यासारखं, म्हणजे अगदी हो म्हटल्यासारखं दिसे. म्हणून त्यांचं नाही शिकवायला मला तीन दिवस जास्त लागले. पण शिकवलं. आठवड्यानंतर ती बाई त्यांचं नाही अचूक ओळखायला लागली. “आता गोधडी नको.” “आता दवाखाना नको.” दत्ता म्हणाला, “ताई, बापाची जुनी अकड परत आली बघा.”

चार-पाच महिने असे गेले. मग पुण्याहून कळवण्यात आलं की टॅबमध्ये सुधारणा होणार आहे. सुधारणा झाली आणि प्रत्येक घरी मी शिकवलेल्या खुणा पुसल्या गेल्या. बाई पुन्हा दूरच्या लोकांच्या नियमावर आली. मला सांगण्यात आलं, सगळ्या घरी जाऊन खुणा नव्यानं भरा, तोपर्यंत टॅब वापरू देऊ नका. मी सगळ्यांना फोन केले. आधी जवळची घरं केली. नांदूरघाट लांब, एसटीची गैरसोय, म्हणून ते शेवटी ठेवलं. दत्तालाही सांगितलं होतं, “मी येईपर्यंत टॅब लावू नका.” त्यानं ऐकलं. माझ्यासाठी तो थांबला, हे मला पुढं फार लागलं.

मी गेले त्या दिवशी माझ्याबरोबर पुण्याचे निखिलसर होते, आमचे वरचे साहेब. वयानं माझ्या मुलाएवढे, स्वभावानं गरीब. त्यांना संस्थेसाठी एक छोटी फिल्म करायची होती. मीच त्यांना म्हादबांचं घर सुचवलं होतं. मेंढीचा तो प्रसंग मी त्यांना इतक्या वेळा सांगितला होता की त्यांना ते घर बघायचंच होतं.

आम्ही पोचलो तर ओसरीत माणसं बसलेली. दत्ता, चाकणहून आलेला धाकटा, म्हादबांचे चुलतभाऊ किसनतात्या आणि भावकीतले आणखी तिघे-चौघे. बाहेर एक टेम्पो उभा होता. त्याच्या मागच्या फळ्या उघड्या होत्या.

दत्तानं मला बाजूला घेतलं. “ताई, बरं झालं आलात. मेंढरं देऊन टाकायचं चाललंय. आई थकली. बायकोला दिवस गेलेत. मी जीपवर, हा चाकणला. कुणी वळायची मेंढरं? पण तात्या म्हणत्यात, म्हादबाची हयातभराची कमाई हाय, त्याच्या तोंडून हो निघू द्या, मग न्या. तवा तुमच्या बाईला इचारू द्या.”

मी म्हणाले, “दत्ता, अर्धा दिवस दे मला. टॅबला खुणा परत शिकवाव्या लागतील. आता तिला ह्यांचं नीट कळणार नाही.”

किसनतात्यांनी ते ऐकलं. “कावून? इतके दिस तर कळत होतं. का बिघडलं मशीन?”

टेम्पोवाला दाराशी येऊन उभा राहिला, त्याला उन्हाच्या आत जायचं होतं. निखिलसरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या हातात फोन होता, फिल्म सुरू झालेली. ते हळूच म्हणाले, “मॅडम, हो-नाहीच तर आहे. एवढं जमेल ना तिला?”

नाही जमणार, असं मी म्हणायला हवं होतं. मला माहीत होतं. म्हादबांचं नाही शिकवायला मला तीन दिवस जास्त लागले होते, ते मीच विसरले असं म्हणता येणार नाही. पण चारचौघांत, साहेबांसमोर, माझं मशीन बिघडलंय असं म्हणायला माझी जीभ रेटेना. “चालतं की,” मी म्हणाले. आणि टॅब लावला.

दत्तानं प्रश्न विचारला. आवाज जरा कापला त्याचा. “आप्पा, मेंढरं देऊन टाकू का?”

म्हादबांनी आधी वाघुरीकडे बघितलं. मग दत्ताकडे. मग त्यांची हनुवटी वर गेली. चांगली वर गेली, गळ्याची शीर दिसली. आणि मान धपकन उशीवर आली.

बाई म्हणाली, “हो. म्हादबा हो म्हणत आहेत.”

म्हादबांनी पुन्हा मान वर केली. बाई पुन्हा म्हणाली, “हो. म्हादबा हो म्हणत आहेत.” त्यांनी तिसऱ्यांदा केली नाही. ते माझ्याकडे बघायला लागले.

ओसरीतली सगळी माणसं टॅबकडे बघत होती. सोजरबाई तेवढी चौकटीला धरून उभी होती आणि तीही माझ्याकडे बघत होती. भावकीपुढं, कर्त्या मुलांपुढं ती काही बोलणार नव्हती. ती मला म्हणाली, “ताई, तुमी काय म्हणता?”

त्या प्रश्नाचा अर्थ मला तेव्हाच कळला होता. तिलाही दिसलं होतं. तिला ते माझ्या तोंडून हवं होतं, कारण माझं बोलणं तिथं मानलं गेलं असतं. मी म्हणाले, “मशीन म्हणतंय ते.”

मेंढ्या चढवायला फार वेळ लागला नाही. काळी मेंढी अडून बसली, तिला दोघांनी उचलली. म्हादबांच्या तोंडातून एक आवाज निघाला. शब्द नव्हता तो. टेम्पो माळावरून उतरून रस्त्याला लागेपर्यंत तो चालू होता. बाई मध्येच म्हणाली, “मला समजले नाही. कृपया पुन्हा सांगा.” मी पुढं होऊन टॅब बंद केला.

परतताना गाडीत निखिलसर खुशीत होते. मी त्यांना सांगितलं, “सर, ते नाही म्हणाले होते.” त्यांनी फोन खिशात ठेवला. मग म्हणाले, “नक्की? तुम्ही तिथं बोलला नाहीत.” पुढं मी पुण्याला लेखी कळवलं, सगळं जसंच्या तसं. उत्तर आलं की कुटुंबाची तक्रार नाही आणि सुधारणेतली चूक दुरुस्त होत आहे. ती दुरुस्त झालीही. मान वर जाणं म्हणजे नाही, हे पुढच्या सुधारणेत सगळ्याच टॅबना शिकवलं गेलं. माझ्या पत्रामुळं झालं म्हणतात. निखिलसरांनी अभिनंदनाचा निरोप पाठवला. मी तो कुणाला दाखवला नाही.

पंधरा दिवसांनी मी खुणा नव्यानं भरायला नांदूरघाटला गेले. म्हादबांनी टॅब बघितला आणि डोळे मिटले. मी दुपारपर्यंत बसले. त्यांनी डोळे उघडले नाहीत. बाई दर थोड्या वेळानं विचारत होती, “आपण विश्रांती घेत आहात. मी नंतर विचारू का?” शेवटी सोजरबाईनं टॅबवर धुणं वाळत घातल्यासारखं फडकं टाकलं. म्हणाली, “ऱ्हाऊ द्या ताई. घिऊन जा.” मी टॅब आणि स्टँड घेऊन एसटीत बसले. काम सुरू केल्यापासून परत आणलेला तो पहिला टॅब.

दत्ताची गाठ काही दिवसांनी जीपच्या थांब्यावर पडली. मी ठरवूनच गेले होते. म्हटलं, याला खरं सांगून टाकू, मग तो काय बोलेल ते ऐकून घेऊ.

“दत्ता, त्या दिवशी आप्पा नाही म्हणाले होते. मशीन चुकलं. मी बघितलं आणि मी बोलले नाही.”

तो जीपची काच पुसत होता. पुसणं थांबवलं नाही त्यानं. म्हणाला, “ताई, आप्पाची मान मला कळत न्हाई व्हय? लहानपनापासून बघतोय. जत्रंला जाऊ का म्हणलं की मान वर. साळंत नवा सदरा घ्यायचा म्हणलं की मान वर.”

“मग?”

“मग काय. माझ्याच्यानं त्यांना बोलणं झालं नसतं. आईचे पाय बगितले का तुमी, कसे सुजत्यात? मेंढरं ठिवली असती तर आई गेली असती. आन् आप्पाचं न्हाई ऐकून मेंढरं इकली असती, तर मी बापाच्या शब्दाबाहेरचा झालो असतो. तुमची बाई हो म्हणली. सुटलो.” काच पुसून झाली, तरी तो फडकं हातातच धरून उभा राहिला. “पण तुमी गप बसाल असं न्हवतं वाटलं मला. तुमी बोलला असता तर मी थांबलो असतो. खरं सांगतो. वाट बगितली मी.”

त्यानंतर मी आठ महिने नोकरी केली. नव्यानं आलेल्या मुलींना शिकवताना मी एक गोष्ट घोकून घेत असे. आधी माणसाच्या तोंडाकडे बघायचं, मग टॅबकडे. आणि घर, जमीन, जनावर, लग्न असला प्रश्न कुणी विचारायला लागलं तर टॅब बंद करायचा. मुली वहीत लिहून घ्यायच्या. एकीनं विचारलं, “मॅडम, असं कधी झालंय का?” मी म्हणाले, “झालंय.” पुढचं त्यांना सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहिते आहे.

राजीनामा दिल्यावर मी नांदूरघाटला गेले. रिकाम्या हातानं. म्हादबा बरेच खंगले होते. खाट आता घरात आत होती. वाघुरीच्या जागी दत्तानं गवारीचे चार वाफे केले होते. सुनेला मुलगी झाली होती, ती पाळण्यात झोपलेली. सोजरबाईनं चहा टाकला. तिच्या पायांची सूज उतरली होती, तेही मी बघितलं.

मी खाटेजवळ जमिनीवर बसले. म्हादबांनी डोळे मिटले नाहीत. मी म्हणाले, “म्हादबा, त्या दिवशी तुम्ही नाही म्हणाला होतात. दोनदा म्हणालात. मला दोन्ही वेळा दिसलं होतं. मी लाजेखातर गप्प बसले. माझं चुकलं.”

ते बघत राहिले.

“मला माफ कराल का?”

त्यांचा डावा हात गोधडीवर होता, तो हलला नाही. मग त्यांची हनुवटी वर गेली. आधीसारखी उंच नाही, तेवढा जोर राहिला नव्हता. पण गेली, आणि मान उशीवर परत आली.

सोजरबाई चहाचा कप घेऊन मागं उभी होती. ती ओशाळली. घाईनं म्हणाली, “त्येंला ऐकू गेलं नसंल, ताई. हल्ली ध्यान ऱ्हात न्हाई त्येंचं.”

“ऐकू गेलंय,” मी म्हणाले. “नाही म्हणाले ते.”

म्हादबांनी माझ्याकडे बघत डोळे घट्ट मिटले आणि उघडले.